मेंदूतला रक्तस्राव: पहिल्या तासापासून घरी परतेपर्यंत काय करायचं आणि का

बोलता बोलता जीभ जड होते, तोंड एका बाजूला वाकतं, हात उचलत नाही. अशा वेळी मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीनं बंद पडली आहे की फुटली आहे, हे नुसतं बघून कुणालाही खात्रीनं सांगता येत नाही, मेंदूविकारतज्ज्ञालासुद्धा नाही. दोन्हींचे उपचार मात्र एकमेकांच्या विरुद्ध आहेत. गुठळी असेल तर रक्त पातळ करावं लागतं, आणि वाहिनी फुटली असेल तर तेच औषध जीव घेऊ शकतं. हा फरक सीटी स्कॅन दाखवतो. म्हणून स्कॅन होईपर्यंतचं सगळं काम एकच: रुग्णाला धोका वाढेल असं काही न करता, चालू सीटी मशीन असलेल्या ठिकाणी लवकरात लवकर पोचवणं.

रक्तस्रावाकडे बोट दाखवणाऱ्या काही खुणा जरूर आहेत. डोकं एकदम फुटल्यासारखं दुखणं, सुरुवातीलाच उलट्या, रक्तदाब २०० च्या पुढं, तासाभरात वाढत जाणारी गुंगी. पण यातलं काहीही नसतानाही रक्तस्राव असू शकतो.

घरात, पहिली दहा मिनिटं

आधी घड्याळ बघा. रुग्ण शेवटचा व्यवस्थित कधी होता, ती वेळ लिहून ठेवा. सकाळी अंथरुणातच हात-पाय गळालेले आढळले तर रात्री झोपायला गेल्याची वेळ धरायची, उठल्याची नाही. दवाखान्यात हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि बहुतेक वेळा उत्तर 'मघाशीच' असं मिळतं. त्याचा उपयोग नसतो.

१०८ ला फोन करा. पत्ता सांगताना जवळची शाळा, देऊळ, साखर कारखान्याचा फाटा अशी खूण द्या, आणि 'एक बाजू गळाली आहे, शुद्ध कमी होते आहे' असं स्पष्ट सांगा. तोवर रुग्णाला कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. कवळी काढा. गळ्याभोवतीचं बटण, मफलर सैल करा.

तोंडातून काहीच द्यायचं नाही. पाणी नाही, चहा नाही, साखरपाणीही नाही. गिळण्याचे स्नायू दुबळे झालेले असतात. पाजलेला घोट फुप्फुसात जाऊ शकतो आणि पुढं न्यूमोनिया होऊन रुग्ण त्यानं दगावू शकतो. डिस्प्रिन, ॲस्पिरिन अजिबात नको. रक्तदाब २१० दिसला म्हणून जिभेखाली गोळी फोडून ठेवायची जुनी सवय अजून गावोगाव आहे. त्या गोळीनं दाब किती आणि किती झटकन उतरेल हे कुणाच्याच हातात राहत नाही, आणि एकदम पडलेला दाब मेंदूचा रक्तपुरवठा तोडतो. झटके येत असतील तर दातांत चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. झटका किती मिनिटं चालला ते मोजा. पाच मिनिटांपेक्षा लांबला तर तसं १०८ ला परत कळवा.

घरात साखर मोजायचं यंत्र असेल तर एक थेंब तपासा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर फार उतरली तर हुबेहूब अशीच एक बाजू लुळी पडू शकते. आकडा ७० च्या खाली असेल तर रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना लगेच सांगा, शिरेतून ग्लुकोज देता येतं.

निघताना चालू औषधांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घ्या, रिकाम्यासुद्धा. त्यात रक्त पातळ करणारी औषधं, म्हणजे ॲसिट्रॉम, वॉर्फरिन, क्लोपिडोग्रेल, डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्सॅबॅन, अपिक्सॅबॅन यांपैकी काही असेल तर ती पट्टी वेगळी काढून हातात धरा. सोबत आधार आणि रेशन कार्ड घ्या.

कुठं न्यायचं

जवळचा दवाखाना आणि योग्य दवाखाना एकच असेल असं नाही. निघतानाच, गाडीतून फोन करून तीन गोष्टी विचारा: सीटी मशीन आत्ता चालू आहे का, न्यूरोसर्जन बोलावल्यावर येतील का, व्हेंटिलेटरचा बेड रिकामा आहे का. पहिल्याच प्रश्नाचं उत्तर 'उद्या सकाळी' असेल तर पुढचं ठिकाण धरा. कोल्हापूर जिल्ह्यापुरतं सांगायचं तर, कोल्हापूर शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपलं सीपीआर, आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय असलेली खासगी रुग्णालयं आहेत. चंदगडच्या बाजूच्या लोकांना कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढं पडतं, त्यांना बेळगाव जवळ. जिल्ह्याची हद्द पाहू नका, रस्त्याला लागणारी वेळ पाहा.

आजरा, गगनबावडा, राधानगरीकडून येताना वाटेतल्या ग्रामीण रुग्णालयात थांबणं चुकीचं नाही. श्वासाचा मार्ग मोकळा करणं, ऑक्सिजन, साखर आणि रक्तदाब तपासणं, शिरेत सुई लावणं ही कामं तिथं पंधरा-वीस मिनिटांत होतात. पण 'एक सलाईन संपू दे, मग बघू' असं म्हणत दोन तास काढले तर तेवढ्यात मेंदूतली रक्ताची गाठ दुप्पट झालेली असू शकते.

पैशाचा प्रश्न पहिल्या तासातच काढा, लाजू नका. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. रुग्णालय योजनेत आहे का, कुठल्या उपचाराला मंजुरी मिळते, हे तिथला आरोग्यमित्र सांगतो. आणीबाणीत फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात. माहितीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे.

सीटीत काय दिसतं, अहवाल कसा वाचायचा

पहिला सीटी साधा असतो, शिरेत रंगद्रव्य न देता. टेबलावर पाचेक मिनिटं लागतात. ताजं रक्त पांढरं दिसतं, मेंदू राखाडी. दोन-तीन आठवड्यांनी तेच रक्त काळपट होत जातं, म्हणून जुना रक्तस्राव वेगळा ओळखू येतो.

पांढरा डाग कुठं आहे यावरून कारण पुष्कळसं कळतं. मेंदूच्या खोल भागात, म्हणजे बेसल गँग्लिया, थॅलॅमस, मेंदूचा देठ किंवा छोटा मेंदू इथं असेल तर बहुतेक वेळा वर्षानुवर्षं न तपासलेला रक्तदाब हेच कारण. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या मेंदूच्या बाहेरच्या भागात रक्त असेल तर वाहिन्यांच्या भिंतीत प्रथिन साचण्याचा आजार असू शकतो. कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये भिंगाच्या आकाराचं रक्त, म्हणजे एपिड्यूरल. आवरणाच्या आत चंद्रकोरीसारखं पसरलेलं, म्हणजे सबड्यूरल. मेंदूच्या खाचाखोचांतून पांढरं पसरलेलं असेल तर सबॲरॅक्नॉइड.

अहवालात तीन मापं असतात. त्यांचा गुणाकार करून दोननं भागलं की गाठ किती मिलिलिटरची आहे ते साधारण कळतं. समजा ५ × ४ × ३ सेंटिमीटर लिहिलं आहे. गुणाकार ६०, निम्मे ३०, म्हणजे ३० मिलिलिटर. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण तीसच्या पुढं धोका लक्षणीय वाढतो. पण जागाही तितकीच महत्त्वाची. मेंदूच्या देठात १० मिलिलिटर रक्तही जिवावर बेततं. याशिवाय दोन गोष्टी विचारा: रक्त मेंदूच्या पोकळ्यांमध्ये उतरलं आहे का, आणि मेंदूची मधली रेषा किती मिलिमीटर सरकली आहे.

सोबत रक्तातल्या प्लेटलेट, पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम), साखर आणि ईसीजी होतात. तरुण रुग्ण, रक्तदाबाचा इतिहास नसलेला रुग्ण किंवा विचित्र जागी आलेलं रक्त असेल तर शिरेत रंगद्रव्य देऊन सीटी अँजिओग्राफी करतात. धमनीच्या भिंतीवर आलेला फुगा किंवा धमनी-शिरांचा जन्मजात गुंता त्यात सापडतो. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत डोकेदुखी, झटके आणि मेंदूत रक्त असं चित्र असेल तर मेंदूच्या शिरेतली गुठळी शोधायलाच हवी. तिथं रक्तस्राव दिसत असूनही उपचार हेपारिनचाच असतो. नातेवाईक यावर हटकून अडतात, 'रक्त आलंय आणि रक्त पातळ करताय?' म्हणतात. पण त्या आजारात शीर तुंबल्यामुळंच मागं दाब वाढून रक्त फुटतं, आणि तुंबलेली शीर मोकळी करणं हाच इलाज आहे.

पहिले काही तास: गाठ वाढू द्यायची नाही

पहिल्या स्कॅनमधलं रक्त हे अंतिम माप नसतं. सुमारे एक तृतीयांश रुग्णांत ते पुढच्या तासांत वाढतं, आणि वाढ बहुतेक पहिल्या सहा तासांत होते. सांडून गेलेल्या रक्तानं झालेली इजा भरून काढता येत नाही, पण पुढची वाढ रोखता येते. अतिदक्षता विभागातली सुरुवातीची सगळी धावपळ त्यासाठीच असते.

वरचा रक्तदाब १५० ते २२० असेल तर तो १४० च्या आसपास आणतात, साधारण १३० ते १५० या पट्ट्यात स्थिर ठेवतात. लॅबेटालॉल १० ते २० मिलिग्रॅम हळू शिरेतून, किंवा निकार्डिपिनचा पंप ताशी ५ मिलिग्रॅमपासून. दाब वरखाली उड्या मारत राहिला तर नुकसान होतं, म्हणून सुरुवातीला दर पाच-पंधरा मिनिटांनी मोजतात. १३० च्या खाली मुद्दाम उतरवत नाहीत, मूत्रपिंड आणि मेंदू दोन्ही उपाशी पडतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतातल्या रुग्णालयांचाही सहभाग असलेल्या 'इंटरॅक्ट-३' अभ्यासात रक्तदाब, साखर, ताप आणि रक्त गोठण्यातला बिघाड या चारही गोष्टी तातडीनं एकत्र सांभाळल्यावर रुग्ण जास्त चांगले बरे झाले. यातल्या बहुतेक गोष्टी महागड्या नाहीत.

हृदयाची झडप बदललेले, ॲसिट्रॉम चालू असलेले रुग्ण आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना व्हिटॅमिन के १० मिलिग्रॅम हळू शिरेतून आणि सोबत पीसीसी हे गोठण घटकांचं औषध, वजनाच्या किलोमागं २५ ते ५० युनिट. पीसीसी मिळालं नाही तर गोठवलेला प्लाझ्मा किलोमागं १० ते १५ मिलिलिटर, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६०० ते ९०० मिलिलिटर, तीन-चार पिशव्या. प्लाझ्मा वितळवायलाच अर्धा तास जातो, म्हणून आयएनआरचा अहवाल येण्याआधी रक्तपेढीला सांगून ठेवावं. डॅबिगॅट्रान चालू असेल तर त्याचा उतारा म्हणजे इडारुसिझुमॅब, ५ ग्रॅम. ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांना मात्र, ऑपरेशन ठरलेलं नसेल तर, प्लेटलेट चढवू नयेत. २०१६ च्या 'पॅच' अभ्यासात त्यानं रुग्णांचं नुकसानच झालं.

मेंदूवरचा दाब वाढल्याची चिन्हं दिसली तर २० टक्के मॅनिटॉल, किलोमागं ०.२५ ते १ ग्रॅम (१०० मिलिलिटरच्या बाटलीत २० ग्रॅम असतं), किंवा ३ टक्के मिठाचं सलाईन. ही औषधं ऑपरेशनपर्यंत वेळ मिळवून देतात, रक्त शोषून घेत नाहीत. 'रक्त विरघळायचं सलाईन चालू आहे' ही समजूत चुकीची आहे. रक्तस्रावात स्टेरॉइडचा फायदा नाही, उलट जंतुसंसर्ग आणि साखर वाढते. सिटिकोलिन, पिरासिटाम यांनी रुग्ण लवकर बरा होतो असं चांगल्या प्रतीच्या अभ्यासांत सिद्ध झालेलं नाही. आठवडाभर चालणारं हे बिल नको असेल तर डॉक्टरांना नम्रपणे विचारा, यात काही गैर नाही.

ऑपरेशन कुणाला

'रक्त काढून का टाकत नाही?' हा प्रश्न प्रत्येक कुटुंब विचारतं. खोल भागातलं रक्त काढायला जाताना चांगला मेंदू बाजूला सारावा लागतो. सरसकट सगळ्यांचं ऑपरेशन केल्यानं फायदा झाला नाही, हे मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून निवड नेमकी असते.

छोट्या मेंदूतलं रक्त ३ सेंटिमीटरपेक्षा मोठं (अंदाजे १५ मिलिलिटर) आणि रुग्ण खालावत असेल, तर थांबू नये. तिथं जागा कमी असते, श्वास चालवणाऱ्या देठावर दाब येऊन काही मिनिटांत श्वास बंद पडू शकतो. वेळेत केलेल्या या ऑपरेशननंतर माणसं चालत घरी जातात. पृष्ठभागाजवळची मोठी गाठ, शुद्ध झपाट्यानं कमी होत असेल तर काढतात. बारीक नळीतून रक्त शोषण्याच्या पद्धतीनं ३० ते ८० मिलिलिटरच्या पृष्ठभागाजवळच्या गाठींत २०२४ च्या अभ्यासात फायदा दिसला, पण ती सोय सगळीकडे नाही.

रक्त पोकळ्यांत उतरून पाणी तुंबलं तर ईव्हीडी, म्हणजे कवटीला बारीक भोक पाडून पोकळीत नळी आणि बाहेर पिशवी. या नळीबद्दल नातेवाइकांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. तिचा शून्याचा खूणपट्टा रुग्णाच्या कानाच्या भोकाच्या पातळीला लावलेला असतो. आज्जीला जरा उठवून बसवावं म्हणून कुणी खाट वर केली की पातळी बिघडते, पाणी भसाभसा वाहून जातं आणि नवा रक्तस्राव होऊ शकतो. खाट हलवायची, कूस बदलायची असेल तर आधी सिस्टरना बोलवा. त्या नळीचा खटका बंद करतील, मग हलवा, मग पातळी पुन्हा लावून खटका उघडतील.

मेंदू फार सुजला असेल तर कवटीचा मोठा तुकडा काढून ठेवतात. तो बहुधा पोटाच्या कातडीखाली जपतात आणि काही आठवडे-महिन्यांनी परत बसवतात. तोवर त्या बाजूवर झोपवायचं नाही.

एकदम आलेली भयंकर डोकेदुखी

आयुष्यात कधी झाली नव्हती अशी, मिनिटाभरात टोकाला गेलेली डोकेदुखी म्हणजे धमनीवरचा फुगा फुटला असं समजून तपासायचं, पित्त म्हणून झोपायचं नाही. पहिल्या सहा तासांतला सीटी हा रक्तस्राव जवळपास नेहमीच पकडतो. नंतर त्याची खात्री कमी होत जाते. उशीर झाला आणि सीटी साफ असला तर पाठीच्या कण्यातलं पाणी तपासावं लागतं, तेही सुरुवातीपासून बारा तास गेल्यावर जास्त विश्वासानं. त्या पाण्याचा पिवळसर रंग निदान पक्कं करतो.

फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या दिवशी सगळ्यात मोठा, म्हणून शक्यतो चोवीस तासांत तो बंद करतात. जांघेतून किंवा मनगटातून तार नेऊन आत कॉइल भरतात, नाहीतर कवटी उघडून क्लिप लावतात. कुठली पद्धत हे फुग्याच्या मानेवर आणि जागेवर ठरतं. त्यानंतर निमोडिपिन ६० मिलिग्रॅम दर चार तासांनी, २१ दिवस. ३० च्या दोन गोळ्या, दिवसातून सहा वेळा. घरी गेल्यावर रात्री दोनचा डोस हमखास चुकतो, म्हणून मोबाईलला गजर लावा. चौथ्या ते चौदाव्या दिवसात वाहिन्या आकसून नवा अर्धांगवायू येऊ शकतो. त्याच काळात नवी गुंगी, बोलण्यात घोटाळा दिसला तर सकाळची वाट पाहू नका.

डोक्याचा मार

ऊस गाळपाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या, रात्रीचा अंधार आणि डोक्याला हेल्मेट नाही. एपिड्यूरल रक्तस्रावाचा फसवा प्रकार इथं दिसतो. पोरगं पडतं, क्षणभर बेशुद्ध होतं, उठून बसतं, गप्पा मारतं, आणि दोन-तीन तासांनी घोरायला लागतं. घरचे म्हणतात, दमलाय, झोपू दे. कवटीखालची धमनी तेवढ्यात गळत असते. ३० मिलिलिटरच्या पुढचं एपिड्यूरल, शुद्ध चांगली असली तरी, काढायचं असतं. वेळेत काढलं तर मेंदू बहुधा पूर्ववत होतो. मार लागल्यावर चोवीस तास दर दोन तासांनी उठवून नाव, गाव विचारा. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, एक बाहुली मोठी, झटका, नाक-कानातून पाणी यांपैकी काहीही दिसलं की सीटी. मार लागून तीन तासांच्या आत पोचलेल्यांना ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव रोखणारं औषध देतात: १ ग्रॅम दहा मिनिटांत, मग १ ग्रॅम आठ तासांत. तीन तासांनंतर देण्यात फायदा नाही.

म्हाताऱ्या माणसांत याच्या अगदी उलट घडतं. न्हाणीघरात घसरून डोकं आपटलं, दोन दिवस दुखलं, विसरून गेले. तीन-चार आठवड्यांनी आजोबा अडखळून चालतात, बोलताना शब्द शोधतात, अंथरुणात लघवी होते. घरात सगळे 'वय झालं' म्हणतात. हे जुनं सबड्यूरल असू शकतं, आणि मेंदूच्या आजारांत यासारखा सहज बरा होणारा आजार दुसरा क्वचितच. जाडी १० मिलिमीटरच्या वर किंवा मधली रेषा ५ मिलिमीटरपेक्षा सरकलेली आणि त्रास असेल तर कवटीला एक-दोन भोकं पाडून रक्त बाहेर काढतात, पुष्कळदा फक्त जागा बधिर करून. नंतर दोन दिवस नळी ठेवली तर पुन्हा साचण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं. नळी लवकर काढायचा आग्रह धरू नका.

वॉर्डातले दिवस आणि घर

खाटेची डोक्याकडची बाजू ३० अंश वर. पायांना हवा भरणारे मोजे पहिल्या दिवसापासून, गाठ स्थिर दिसल्यावर एक-दोन दिवसांनी, पायांत गुठळी होऊ नये म्हणून, हेपारिनचा छोटा डोस. दर दोन तासांनी कूस. गिळण्याची चाचणी झाल्याशिवाय नाकातल्या नळीखेरीज काहीही नाही. चाचणी साधी असते: सरळ बसवून चमचाभर पाणी, खोकला किंवा घोगरा आवाज आला की थांबायचं. गिळायला सर्वांत अवघड पाणी आणि चहा. दाट पेज, दही, गुरगुट्या भात आधी जमतो. भरवल्यावर अर्धा तास बसतंच ठेवा.

पहिल्याच दिवशी 'काही उपयोग नाही, घरी न्या' असं ऐकून निर्णय घेऊ नका. पूर्ण प्रयत्न चालू ठेवून किमान दोन दिवस जाऊ द्या, मग डॉक्टरांसोबत बसून स्पष्ट बोला. पहिल्या चोवीस तासांतला अंदाज पुष्कळदा चुकतो, आणि उपचार थांबवले की तो अंदाज आपोआप खरा ठरतो.

घरी लुळा हात धरून ओढत उठवू नका, खांदा निखळतो. आधार काखेखालून नाही, पाठीला आणि कमरेला. व्यायामाचा सगळ्यात मोठा फायदा पहिल्या तीन महिन्यांत दिसतो, पुढंही सुधारणा चालू राहते. रुग्ण गप्प, चिडका किंवा रडवा झाला तर तोही आजाराचा भाग आहे, त्याला औषध आहे.

रक्तदाब १३०/८० च्या खाली हवा, आणि तो मोजूनच कळतो. पाच मिनिटं शांत बसून, हात छातीच्या पातळीला टेकवून, सकाळी आणि रात्री दोन-दोन वेळा मोजा, वहीत लिहा. लोणचं, पापड, फरसाण, सुकट यातलं मीठ कमी करा. मिसरी-तंबाखू आणि दारू बंद. दाब नॉर्मल आला म्हणून गोळी थांबवू नका, तो गोळीमुळंच नॉर्मल आहे. गुडघेदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणू नका. त्यांनी दाब चढतो आणि रक्त पातळ होतं, पॅरासिटामॉल चालतं. ॲसिट्रॉम किंवा ॲस्पिरिन पुन्हा कधी सुरू करायचं, हे डिस्चार्ज कार्डावर तारखेसकट लिहून घ्या. धातूची झडप असलेल्या माणसानं ते भीतीपोटी महिनोन्‌महिने बंद ठेवलं तर झडपेवरच गुठळी बसते.